सी ड्राइव्ह सामाईक

सोमवारी सकाळी मोतीराम गुरुजींनी कम्प्युटर चालू केला, तेव्हा पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक पिवळा फुगा वर आला. फुग्यात इंग्रजी मजकूर होता. गुरुजींनी चष्मा पुसून तो पुन्हा पुन्हा वाचला. सी ड्राइव्हवरची जागा संपत आली आहे, जुन्या आणि नको असलेल्या फायली काढून जागा मोकळी करायची असेल तर इथे दाबा, असा त्याचा अर्थ होता. गुरुजींनी तिथे दाबलं नाही. पुढे काय होईल याची खात्री नसताना कुठेही दाबू नये असं त्यांचं मत होतं, आणि खात्री त्यांना कधीच नसे.

प्राथमिक शाळेत सगळी नोकरी काढून निवृत्त होताना सरकारी सक्तीमुळे गुरुजींनी कम्प्युटरचा कोर्स केला होता. तेवढ्या भांडवलावर ते मखमलाबादच्या पुढच्या एका रोपवाटिकेत टोमॅटो, मिरची आणि झेंडूच्या रोपांचं बुकिंग सांभाळत. रोपवाटिका खंडेराव आणि रावजी या दोन सख्ख्या भावांची होती. दोघेही गुरुजींचे विद्यार्थी. विद्यार्थी म्हणून 'अरे' म्हणावं की मालक म्हणून 'अहो', हे गुरुजींना आजवर ठरवता आलेलं नव्हतं. म्हणून ते दोघांशी शक्यतो 'अरे' आणि 'अहो' दोन्ही चुकवून बोलत.

इथली खुर्ची गुरुजींना प्रिय होती. घरी मुलगा, सून, नातवंडं, सगळं भरलेलं होतं. घरात ते पुस्तक घेऊन कुठेही बसले तरी नेमकी तीच जागा कोणाला तरी झाडायची, पुसायची किंवा वापरायची असे. इथे मात्र खिडकीजवळची खुर्ची त्यांची होती आणि तिच्यावरून त्यांना कोणी उठवत नसे.

हा कम्प्युटर आणायचं ठरलं तेव्हा दोघा भावांचं कुटुंब एक होतं. तो दुकानातून निघून घरी येईपर्यंत वाटणी झाली होती. जमिनीचे दोन तुकडे झाले, गोठ्यातल्या गाई इकडेतिकडे गेल्या. शेडनेट मधोमध कापता येईना म्हणून रोपवाटिका तेवढी एकत्र राहिली. वाटणीच्या कागदावर विहीर, वाट आणि उकिरडा सामाईक लिहिला गेला. अशा दिवसांत महेश नावाचा शहरातला कम्प्युटरवाला खोकी उघडता उघडता सहज विचारून गेला, "पार्टिशन किती करू?"

दोघा भावांनी एकदम मान वर केली.

"कशाचं?" खंडेरावांनी विचारलं.

"डिस्कचे भाग हो. सोयीचं पडतं."

"तीन कर. एक माझा, एक याचा आन् एक सामाईक. कागदावर हाय तसं."

पुढचं सगळं गुरुजींच्या एका सवयीमुळे झालं. त्यांना उदाहरण दिल्याशिवाय शिकवताच येत नसे. "डिस्क म्हणजे समजा एक शेत," ते म्हणाले. "सी म्हणजे विहीर आणि वाट. डी हा वरचा तुकडा, ई हा खालचा."

"ई ला जायला वाट कुठून?" रावजीने लगेच विचारलं.

"सी मधूनच."

"मंग ती दादानं अडवायची नाय, आत्ताच सांगून ठेवतो."

"आणि हा पडद्यावरचा कचऱ्याचा डबा," गुरुजी घाईने म्हणाले, "हा आपला उकिरडा. काढून टाकलेलं आधी इथं येऊन पडतं. लागलंच तर पुन्हा उचलता येतं."

"उकिरडा सामाईक," दोघे भाऊ एका आवाजात म्हणाले. वाटणीनंतर त्यांचं इतक्या झटपट एकमत झाल्याचं दुसरं उदाहरण नाही.

तर सोमवारी फुगा आला तेव्हा गुरुजींनी महेशला फोन लावला.

"सी भरला का? भरणारच, मुळात लहान आहे," महेश म्हणाला. "डी आणि ई मध्ये जागा मोकळी असेल ना?"

"असावी. म्हणजे आहे. बरीच आहे असं वाटतं."

"मग झालं तर. दोन्हीकडची एक एक जीबी सी ला जोडून देतो, दहा मिनिटांचं काम आहे. परवा येतो. फक्त दोघांना विचारून ठेवा."

गुरुजींनी फोन ठेवला. तो 'फक्त' बरोबर घेऊन ते बाहेर निघाले.

खंडेराव झेंडूच्या ट्रेमधून हात फिरवत उभे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रावजीनं दिली?"

"अजून विचारलं नाही."

"आधी त्याला इचारा. मोठ्यानं आधी द्यायचं आन् मागून धाकट्यानं हात वर करायचे, हे बांधाच्या टायमाला झालंय एकदा. आन् माझ्या डी ला धक्का नका लावू गुरुजी, त्यात निकीच्या लग्नाची शूटिंग हाय. रविवारी येतीय ती, सासरची माणसं घेऊन. सासूला शूटिंग बघायचीय. त्यांची सीडी नातवानं फरशीवर घासली."

निकिता ही खंडेरावांची मुलगी. तिला मनमाडला रेल्वेतल्या नोकरदाराच्या घरी दिली होती. लग्न वाटणीच्या आधीचं, म्हणून त्याचं चित्रण महेशने डी मध्येही टाकलं होतं आणि ई मध्येही. ज्याचं त्याच्याकडे.

"आपली सीडी असेल ना?" गुरुजींनी विचारलं.

"ती टोमॅटोवर टांगलीय, पाखरांना. चमकती चांगली."

शूटिंगवाल्याने मूळ कॅसेटवर केव्हाच दुसऱ्या कोणाचं तरी लग्न उतरवलं होतं.

रावजी मोटरसायकल पुसत होता. "माझ्याकडनं?" तो म्हणाला. "गुरुजी, दादाकडं निस्ती पडीक हाय. काय हाय डी मधी? एक लग्न आन् गाईचे दोन फोटो. त्याच्याकडनं घ्या की दोन्ही जीबी."

"ई मध्येही थोडी..."

"त्याचं माझं प्लॅनिंग हाय."

"प्लॅनिंग हाय म्हणं!" आतून त्याची बायको छाया म्हणाली. "इहिरीवरची मोटर बी प्लॅनिंगमधीच जळाली. गुरुजी, च्या घ्या."

गुरुजींनी चहा घेतला. घेता घेता त्यांच्या तोंडून निघून गेलं, की खंडेराव म्हणतात आधी रावजीने द्यावी आणि रावजी म्हणतो डी पडीक आहे. छाया हा निरोप पलीकडच्या घरातल्या जावेला सांगावा तसा मोठ्या आवाजात पुन्हा म्हणाली, आणि तो झेंडूपर्यंत ऐकू गेला.

पडीक हा शब्द खंडेरावांना लागला. जमीन पडीक दिसली की आधी शेजाऱ्याची शेळी येते आणि मागून शेजारी येतो, हे त्यांच्या वडिलांचं वाक्य होतं आणि त्यांनी ते आयुष्यभर पाळलं होतं. मंगळवारी गुरुजी आले तेव्हा खंडेराव त्यांच्या खुर्चीवर बसलेले होते. एक बोट कंट्रोलवर, दुसरं व्हीवर. फाइल उचलायची आणि दुसरीकडे ठेवायची बटणं गुरुजींनीच त्यांना शिकवली होती.

"हे काय चाललंय?" गुरुजींनी विचारलं.

"पेरणी."

पडद्यावर एकाखाली एक ओळी उगवत होत्या. निकिताचं लग्न. निकिताचं लग्न, कॉपी. निकिताचं लग्न, दुसरी कॉपी. एकेक लग्न उतरायला वेळ लागत होता आणि खंडेराव पाणी भरताना बसावं तसे शांत बसून होते. शेवटी कम्प्युटर म्हणाला, आता जागा नाही. "आता बोलावा कोणाला बोलवायचं त्याला," खंडेराव उठत म्हणाले. "एक वीतभर पडीक दाखव म्हणा."

हे खिडकीतून छायाने पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत गुरुजी डबा खायला लिंबाखाली गेले आणि परत आले तेव्हा खुर्चीवर रावजी होता.

"तुम्हीसुद्धा?" असं गुरुजी म्हणणार होते, पण 'तुम्ही' की 'तू' यात वेळ गेला आणि तोवर ई ड्राइव्हही भरला.

आता तिन्ही तुकड्यांत सुई ठेवायला जागा नव्हती. बुकिंगचा प्रोग्रॅम महेशनेच करून दिलेला होता. नवीन नाव टाकलं की सोमवारपासूनच तो एक चौकट दाखवू लागला होता. चौकटीत बरंच इंग्रजी आणि खाली एकच बटण, 'ओके'. दुसरं बटणच नसल्यामुळे गुरुजींना पहिल्यांदाच निवड करावी लागली नाही. त्यांनी ओके दाबलं आणि नाव साठवलं गेलं असं समजून चालले. प्रत्यक्षात सोमवारपासूनची सगळी नावं हवेत गेली होती.

बुधवारी सकाळी गिरणाऱ्याहून केरू पिकअप घेऊन आला. तिशी-पस्तिशीचा, हसऱ्या तोंडाचा शेतकरी. "गुरुजी, माझे टोमॅटोचे ट्रे काढा. सऱ्यांना पाणी सोडून आलोय."

गुरुजींनी केरूचं नाव शोधलं. केरू कुठेच नव्हता.

"सोमवारी तुमीच बोलले व्हते ना फोनवर, बुधवारी या म्हणून?"

"मी? हो. म्हणजे बोललो असेन. बोललोच होतो." गुरुजींनी बाहेर पाहिलं. केरूचे ट्रे काल संध्याकाळी दिंडोरीच्या एका पाहुण्याला गेले होते, कारण कम्प्युटरच्या मते ते कोणाचेच नव्हते.

केरूचा आवाज ऐकून खंडेराव आले. खंडेरावांचा आवाज ऐकून रावजी आला.

"हे असं होणारच," खंडेराव म्हणाले. "सामाईकाला जागा द्यायची नाय, आन् ई मधी गाणी भरून ठेवायची."

"गाणी कधीच काढून टाकली! तुझ्यासारखी पोरीची डझनभर लग्नं नाय लावली मी."

रावजीने किती लावली ते सांगायला तिथे कोणी नव्हतं, पण केरू होता. त्याने आत डोकावून पडदा पाहिला आणि म्हणाला, "हितं तर लग्नंच लग्नं हायेत. माझं टमाटं कुठं हाय त्यात?"

गिऱ्हाइकासमोर शोभा झाली, हे दोघांनाही झोंबलं. "बस झालं," खंडेराव म्हणाले. "दुसरा कम्प्युटर आणू. तुझा तुला, माझा मला."

"आणू. आन् ऑफिसात भिंत घालू."

"घालू. गवंड्याला आजच बोलावतो."

या भावांचे विचार करून घेतलेले निर्णय महिनोन्‌महिने लोंबत, पण रागाच्या निर्णयांना उशीर होत नसे. दुपार व्हायच्या आत ट्रॅक्टरभर विटा लिंबाखाली पडल्या आणि देवराम गवंडी चुन्याच्या फक्कीची पिशवी घेऊन ऑफिसात शिरला. त्याने दारापासून मागच्या खिडकीपर्यंत दोरी ताणली, तिच्यावर फक्की सोडली आणि दोरी उचलली. पांढरी रेघ टेबलाखालून गेली आणि गुरुजींच्या खुर्चीच्या बरोबर मधोमध बाहेर पडली. गुरुजी खुर्चीतच होते. त्यांनी दोन्ही पाय एका बाजूला घेतले, मग ते पक्षपाती वाटेल म्हणून एक पाय परत दुसरीकडे ठेवला.

"खुर्ची कोणाकडं धरायची?" देवरामने विचारलं.

विटांचा हिशेब जमत होता, खुर्चीचा नव्हता.

"गुरुजी सकाळी माझ्याकडं बसतील," खंडेराव जरा वेळाने म्हणाले.

"आन् दुपारी माझ्याकडं," रावजी म्हणाला. "खुर्ची काय, उचलून न्यायची."

दोन अर्ध्या जागा मिळून एक पूर्ण जागा होत नाही, हे त्यांना घरच्या अनुभवावरून माहीत होतं. खिडकीही देवरामच्या भिंतीत अर्धी अर्धी जाणार होती. त्यांनी पिशवीतलं पुस्तक एकदा चाचपून पाहिलं. उद्यापासून ते कुठे वाचायचं, हा प्रश्न त्यांना पडला.

एवढ्यात महेश आला. विटा, फक्की, रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून बसलेले गुरुजी, हे सगळं पाहून त्याने काहीच विचारलं नाही. गावाकडच्या गिऱ्हाइकांची त्याला सवय होती. पडद्यासमोर बसल्यावर मात्र त्याला राहवलं नाही.

"निकिता कोण?"

"माझी मुलगी," खंडेराव म्हणाले.

"हिची डी मध्ये अकरा लग्नं लागलीत."

"आन् ई मधी?" केरूने विचारलं. त्याची रोपं दुसऱ्या ट्रेमधून निवडून भरेपर्यंत त्याला थांबणं भाग होतं, आणि आता तो निघायच्या बेतातही दिसत नव्हता.

"ई मध्येही अकरा."

"चला, वाटणी बरोबर झाली," केरू म्हणाला.

"अहो, कॉपी काढून टाका की. भिंत कशाला बांधताय?" महेश म्हणाला.

"आधी त्यानं काढाव्या."

"आधी दादानं."

महेशने कपाळाला हात लावला. मग सगळ्यांना आश्चर्य वाटावं असं झालं. गुरुजी बोलले. "बांधावरची बाभळी तोडताना," ते खाली मान घालून म्हणाले, "एक यांनी, एक त्यांनी, अशा पाळीपाळीने तोडल्या होत्या. तसं करता येईल का? नसेल तर राहू द्या."

बाभळींचा दाखला दोघांनाही मान्य होता. खंडेराव खुर्चीवर बसले, रावजी शेजारी स्टूल घेऊन. महेशला फोन आला म्हणून तो बाहेर गेला. खंडेरावांनी डी मधलं एक लग्न धरलं आणि काढलं. नक्की काढायचं का, असं कम्प्युटरने विचारलं. "काढायचं म्हणजे काढायचं," खंडेराव म्हणाले आणि हो दाबलं. मग रावजीने ई मधलं एक काढलं. प्रत्येक वेळी कम्प्युटर तोच प्रश्न विचारी आणि प्रत्येक वेळी ते बेधडक हो म्हणत. गुरुजींना त्या धडाडीचं कौतुक वाटलं आणि थोडी भीतीही.

"गेलं एक!" केरू दारातून ओरडे. "आता धाकल्याचं! गेलं!"

दोघांचं लक्ष फायलींवर नव्हतं, एकमेकांच्या हातावर होतं. समोरच्याने एक तरी मागे ठेवली तर आपला तोटा झाला, एवढंच दोघांना दिसत होतं. शेवटी खंडेराव हात झटकत म्हणाले, "घे. माझा तुकडा चोख."

"मंग माझा बी घे," रावजी म्हणाला, आणि शेवटचं बटण दाबलं.

काहीतरी राहून गेलं, असं गुरुजींना वाटलं. पण ते त्यांना नेहमीच वाटे, म्हणून ते बोलले नाहीत.

महेश परत आला, त्याने तपासलं आणि त्याच्या भुवया जवळ आल्या. "जागा मोकळी झालीच नाही."

"कशी नाय? बावीस लग्नं मोडली इथं!" केरू म्हणाला.

महेशने कचऱ्याचा डबा उघडला. डबा काठोकाठ भरलेला होता. "सगळं इथं येऊन बसलंय. अहो, या डब्याला मर्यादा असते. थोडं साठलं की जुनं आपोआप जातं. ही शंभर टक्क्यांवर कोणी नेली?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

"मी," ते म्हणाले. "एकदा रावजीची गाणी काढली आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच... त्यांनाच परत हवी झाली. तेव्हा वाटलं, चुकून काही गेलंच तर उचलता यावं. डबा मोठा केला."

"आणि रिकामा कधी केला?"

"रिकामा करायला गेलं की तो विचारतो, नक्की का म्हणून."

"मग?"

"मग मी नाही म्हणतो."

महेशने खुर्चीला पाठ टेकली. "म्हणजे सी मध्ये दोन वर्षांचा कचराच आहे सगळा. अर्धा ड्राइव्ह त्यानेच खाल्लाय. डी चा, ई चा, कशाचा काही संबंध नव्हता हो! हा डबा रिकामा केला असता तर सोमवारीच काम झालं असतं."

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी फक्कीच्या रेघेकडे पाहिलं. आता अर्धीसुद्धा खुर्ची राहत नाही, असं त्यांनी मनाशी धरलं. पहिल्यांदा दारात उभी असलेली छाया हसली. पदर तोंडाला लावूनही तिला ते आवरलं नाही. "दोन दिवस भाऊ भाऊ भांडले," ती म्हणाली, "आन् भरला व्हता उकिरडा!"

"सामाईक व्हता ना?" खंडेरावांनी रावजीकडे बघत विचारलं.

"सामाईकच."

"मंग दोष कोणा एकाचा नाय."

इतकं म्हटल्यावर गुरुजींना जरा श्वास घेता आला. महेश डबा रिकामा करायला निघाला, तसा खंडेरावांनी त्याचा हात धरला. "थांब. उकिरडा दोघांच्या डोळ्यांसमोर उपसायचा, असं ठरलंय. काय पडलंय ते बघू तर दे."

मग दोघे भाऊ पडद्याला डोकं लावून उकिरडा बघू लागले. करपा पडलेल्या टोमॅटोच्या पानांचे फोटो होते. रोपवाटिकेच्या पाटीचे नमुने होते, 'पाटी', 'पाटी बरोबर' आणि 'पाटी नक्की बरोबर'. रावजीने आणलेले आणि खंडेरावांनी काढायला लावलेले सिनेमे होते. गोऱ्ह्याला अंघोळ घालताना घसरून पडलेल्या रावजीचा फोटो निघाला, तेव्हा खंडेराव इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"हा तूच काढला व्हता दादा. पडलेल्याला उचलायचं सोडून."

"उचलायला गेलो असतो तर मी बी पडलो असतो."

बाहेर खण्‌कन आवाज झाला. देवरामने भिंतीच्या पहिल्या थरासाठी विटा काढायला सुरुवात केली होती. "थांब रे देवराम!" दोघेही एकदम उठले. दारात वळून खंडेराव म्हणाले, "गुरुजी, तेवढं बटण तुमी दाबा. तुमीच पंच." महेश गाडी सावलीत लावायला गेला. केरूचे ट्रे भरून झाले होते, तो पिकअपकडे धावला.

खोलीत गुरुजी आणि कम्प्युटर एवढेच उरले. हे सगळं कायमचं काढून टाकायचं, नक्की का, असं कम्प्युटरने विचारलं. आजवर या प्रश्नाला हो म्हणायचा प्रसंग त्यांनी सतत टाळला होता.

सगळे परत आले तेव्हा डबा रिकामा होता. गुरुजी उपरण्याने मान पुसत होते. सी ड्राइव्हवर कामापुरती जागा झाली होती, बुकिंगच्या प्रोग्रॅमने केरूचं नाव पहिल्या झटक्यात घेतलं आणि देवरामने फक्कीची रेघ झाडूने पुसली. विटा आल्याच होत्या, तर त्यांची गांडूळ खताची टाकी बांधायचं ठरलं. टाकी अर्थातच सामाईक.

रविवारी निकिता आली. सासू, सासरे, नणंद आणि सीडी घासणारा तो नातू. छायाने पोहे केले. ऑफिसात सतरंज्या अंथरल्या. गुरुजींना खास बोलावलं होतं, कारण कम्प्युटर चालू करायचा होता. रावजीने नवा शर्ट घातला होता. लग्नाच्या वरातीत तो सर्वांत पुढे नाचला होता आणि ते व्याह्यांनी बघावं अशी त्याची इच्छा होती.

खंडेरावांनी डी उघडला. डी सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ होता. कोपऱ्यात गाईचे दोन फोटो.

"तुझ्याकडनं लाव," ते रावजीला म्हणाले.

"माझ्याकडनं कुठनं? मी समजलो तुझ्याकडं एक हाय."

"मी समजलो तुझ्याकडं."

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. मनमाडच्या सासूबाई सतरंजीवर पुढे सरकून बसल्या होत्या. "काय झालं हो, व्याही?"

"काय नाय, काय नाय. मशिन गरम व्हतंय."

"बाबा," निकिता हळूच म्हणाली, "माझं लग्न पुसलं का तुम्ही?"

खंडेरावांच्या कपाळावर घाम आला. जमीन वाटताना, गाई सोडताना, भिंतीची रेघ पाहताना जो माणूस हलला नव्हता, तो खालच्या आवाजात म्हणाला, "निके, दोघांनी मिळून पुसलं."

"एक आहे," मागून कोणीतरी म्हणालं.

सगळे वळले. गुरुजी दाराशी उभे होते.

"एक ठेवलंय. सी मध्ये. बुधवारी डबा रिकामा करताना त्याने विचारलं, नक्की का. खात्री नव्हती. म्हणून आधी एक उचलून घेतलं, मग हो म्हटलं, आणि जागा झाल्यावर ते सी मध्ये ठेवलं. चुकलं असेल तर..."

पुढचं कोणी ऐकलं नाही. निकिताने उठून त्यांच्या पायाला हात लावला, रावजीने पंखा बंद केला, छायाने खिडकीला चादर बांधली आणि मांडव पडद्यावर आला. अक्षता पडल्या, सासूबाईंनी डोळे पुसले, वरातीत रावजी नाचला. गुरुजी आपल्या खुर्चीत बसले होते. इतकी माणसं असून त्यांना कोणी उठवलं नव्हतं.

वरात संपत आली तेव्हा पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, बँडवाल्याच्या डोक्यावर, पिवळा फुगा वर आला.

"सी ला पुन्हा दाटी झाली वाटतं," खंडेराव म्हणाले. "लग्न तिथनं हलवा गुरुजी. माझ्याकडं ठेवा. डी सगळा मोकळा हाय. पोरगी माझीय."

"आन् ई काय भरलाय का?" रावजी सतरंजीवरून उठला. "नाचलो मी. माझ्याकडं ठेवा."

"दोघांकडे एकेक कॉपी ठेवा ना," निकिता म्हणाली.

"कॉपी कोणीबी ठेवंल. असली कोणाकडं राहणार?" खंडेरावांनी गुरुजींकडे पाहिलं. "गुरुजी, उकिरड्यातून उचललं ते कोणाचं व्हतं? डी मधलं का ई मधलं?"

दोघे भाऊ त्यांच्याकडे बघत होते. छायाचा हात चादरीच्या गाठीवर थांबला होता. बाहेर विटांचा ढीग होता. टाकी अजून बांधायची होती.

गुरुजींना ते पक्कं आठवत होतं. फाइलीच्या नावापुढे ती कुठून आली ते लिहिलेलं होतं आणि ते अक्षर त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं होतं. उभ्या आयुष्यात एखाद्या गोष्टीची इतकी खात्री त्यांना प्रथमच वाटत होती.

"नक्की सांगता येणार नाही," ते म्हणाले.